जांघेतला नायटा: मिश्र मलम सोडल्यावरच बरा झाला

जांघेत लालसर चट्टा, कडा उंच आणि कोंडा सुटलेली, मधला भाग फिकट. घाम आला की खाज असह्य. दुकानातून आणलेल्या, स्टेरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या मिश्र मलमाने थोडे दिवस लाली उतरायची, थांबवलं की चट्टा मांडीवर आणखी पसरायचा. अगदी जीव नकोसा व्हायचा.

कारण त्यातलं क्लोबेटासोल. हे स्टेरॉइड खाज दाबतं, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं आणि नायट्याची बुरशी फोफावते. शिवाय जांघेची कातडी नाजूक, तिथे कायमचे वळ पडतात.

लागू पडलं ते असं: त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून ते मलम बंद. आंघोळीनंतर वेगळ्या पंच्याने जांघ टिपून कोरडी करायची, घासायची नाही. मग नुसतं १ टक्का क्लोट्रिमाझोल हे बुरशीनाशक मलम, दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत. बुरशी कडेलाच जास्त जोरात वाढत असते. चट्टा गेला तरी पुढे २ आठवडे चालूच ठेवायचं. लोक इथेच सोडतात.

पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर तिथेही क्लोट्रिमाझोलच, आणि कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी, म्हणजे पायाची बुरशी जांघेत जात नाही. चड्डी सैल, सुती. गरम पाण्यात धुऊन उलटी करून उन्हात. पावसाळ्यात शिवणीवरून इस्त्री.

मधुमेह असेल किंवा ३-४ आठवड्यांत फरक नसेल, तर पोटातून गोळ्या लागू शकतात. त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.