नेट गेलं की आधी दिवे बघा

घरात "नेट गेलं!" अशी आरोळी उठली की सगळ्यांचा हात राउटरच्या बटणाकडे जातो. मी तो अडवतो. बंद-चालू केल्यावर नेट येतं खरं, पण बिघाड कुठे होता त्याचा माग पुसला जातो.

फायबर असेल तर आधी दिवे बघा. 'एलओएस'चा दिवा लाल असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. मग वायफायचं काहीही करा, उपयोग नाही.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणं. लॅपटॉपवर कमांडच्या एका खिडकीत राउटरचा पत्ता पिंग करत ठेवा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतो) आणि दुसरीत ८.८.८.८, म्हणजे बाहेरचा गूगलचा सर्व्हर. पहिल्याचं उत्तर मिलिसेकंदाभरात येतंय आणि दुसरा अडखळतोय, तर दोष बहुधा लाइनमध्ये. दोन्ही अडखळले तर केबल, राउटर नाहीतर त्याचा अ‍ॅडॉप्टर. दोन्ही सुरळीत, तरी साइट उघडत नाही? डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.१ करून बघा. आणि केबलवर सगळं छान पण मोबाइलवर रखडतं, तर गुन्हेगार वायफाय. राउटर कपाटातून बाहेर काढा. जवळ बसत असाल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा घ्या. २.४ भिंतीपलीकडे जास्त पोचतं, पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी, त्यात मायक्रोवेव्हची लुडबुड. २.४ वर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा.

हे सगळं येत असूनही मी तीन आठवडे फसलो. रोज संध्याकाळी पाच-दहा मिनिटं लाल दिवा. कंपनीकडे चार तक्रारी केल्या, आवाजही चढवला. शेवटी वहीत वेळा लिहायला लागलो: ७:१०, ७:०५, ७:२०. बायको म्हणाली, "तेव्हा तर मी इस्त्रीचे कपडे ठेवत असते." कपाटाचा खालचा खण ढकलला, दिवा लाल. ओढला, हिरवा. मागे पिवळी फायबर खणाच्या पाठीशी चेपली जात होती. फायबर फार वाकली की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो, तार न तुटताही. म्हणून तिचं वेटोळं कपाच्या तोंडापेक्षा लहान करू नका, आणि खिळ्याला तर मुळीच गुंडाळू नका.

पाचवी तक्रार नोंदवलेली होती, ती गुपचूप मागे घेतली.