मिलिटरी लिलावात पत्ती टाकताय? या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की मला एक तरी फोन येतोच. "काका, आम्ही पाच जणांनी मिळून मिलिटरीचा लॉट घेतला." घेतला म्हणजे बोली लागली. पैसे? "जमवतोय." माल पाहिला? "फोटो होते की." मग मी चहा बाजूला ठेवतो, कारण हा फोन अर्धा तास चालणार असतो.

मी मंडपाचं सामान आणि कॅम्पचे तंबू भाड्यानं देतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार एकेक तंबू शोधून कंटाळलो आणि पत्ती टाकून, म्हणजे चार जणांत वाटा घालून, थेट लिलावात उतरलो, त्याला आता वीस वर्षं होतील. लष्करानं बाद केलेला बराचसा माल एमएसटीसीच्या ई-लिलावातून विकला जातो. ही १९६४ साली भंगाराच्या व्यापारासाठी स्थापन झालेली सरकारी कंपनी, मुख्यालय कोलकात्याला. लॉट मोठे असतात, एकट्या माणसाच्या खिशाला झेपत नाहीत, म्हणून पत्ती. कल्पना चांगलीच आहे. माणसं घाई करतात तिथे घोळ होतो.

बोली आधी, पैसे नंतर

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर माझा विशेष राग आहे.

परराज्यातल्या एका डेपोत ६० ईपीआयपी (लष्करात वापरतात ते मोठे कॅनव्हासचे) तंबूंचा लॉट निघाला होता. आम्ही आठ जण: दोन मंडपवाले, तीन ट्रेकिंगवाले, स्काउटचे एक गुरुजी, कांदा चाळीसाठी ताडपत्री हवी असलेला एक शेतकरी आणि मी. बोली लागली ६ लाख ४० हजारांना. आठानं भागलं, पत्ती ८० हजार. सगळ्यांनी ग्रुपवर अंगठे दाखवले. अनामत माझी एकट्याची भरलेली होती, कारण "तू भर, आम्ही देतोच की".

मंजुरीचं पत्र आलं आणि उरलेली रक्कम भरायची मुदत सुरू झाली. तिसऱ्या दिवशी एका ट्रेकिंगवाल्याच्या मुलीची फी निघाली. चौथ्या दिवशी एका मंडपवाल्याच्या घरचे नको म्हणाले. उरलेले सहा जण हिशेब करायला बसलो तेव्हा कळलं, की पत्ती आम्ही नुसत्या बोलीच्या आकड्यावर काढली होती. त्यावर जीएसटी, दोन ट्रकांचं भाडं, दोन्हीकडची हमाली, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च. ८० हजारांची पत्ती १ लाख ७ हजारांवर गेली. दोन पत्त्या रिकाम्या, म्हणजे २ लाख १४ हजारांचं भगदाड. मुदतीत पैसे भरले नाहीत तर अनामत जप्त. मी बायकोच्या पाटल्या घेऊन सोनेतारणाच्या खिडकीवर उभा राहिलो. त्या पाटल्या सुटायला चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यांत घरी लिलाव हा शब्द मी काढला नाही.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. लिलावासाठी वेगळं बचत खातं. बोलीची कमाल मर्यादा आधी ठरवायची, तिच्या दीडपट रक्कम सगळ्यांकडून मिळून त्या खात्यात आलेली दिसली की मगच लॉगिन. उरले तर परत. "उद्या टाकतो" म्हणणारा या खेपेला नाही, पुढच्या खेपेला. मित्र असला तरी. मेव्हणा असला तर जास्तच. रोख तर घेतच नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे हे एक, आणि रोखीचा हिशेब सहा महिन्यांनी प्रत्येकाला वेगळा आठवतो हे दुसरं.

स्टॅम्प पेपरवर चार ओळी लिहून घ्या: कोणाची किती पत्ती, माघार घेतली तर काय, वाटणी कशी. शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून इतिहासजमा झाला, आता ५००चा लागतो. एवढे पैसे वाचवू नका.

कोणाच्याही नावावर बोली

पत्ती तुमच्यात. डेपोला आणि पोर्टलला फक्त बोली लावणाऱ्याचं नाव माहीत. माल उचलायची डिलिव्हरी ऑर्डर त्याच्याच नावानं निघते, मागाहून "आमच्या अमक्याच्या नावावर करा" चालत नाही. म्हणून ज्याचा पॅन आणि जीएसटी नंबर चालू आहे आणि ज्याला माल उचलायला चार दिवस रिकामे आहेत, त्यानंच नाव द्यावं. आपल्याकडे उलटं होतं. ज्याला कॉम्प्युटर येतो त्या भाच्याच्या नावावर खातं काढतात, आणि माल उचलायच्या आठवड्यात भाच्याची परीक्षा असते. जीएसटी नोंदणी असलेल्यानं सरकारकडून जुना माल घेतला तर बऱ्याचदा कर रिव्हर्स चार्जमध्ये, म्हणजे विकणाऱ्याऐवजी, त्यालाच भरावा लागतो. आपल्या सीएला आधी विचारा, नंतर विचारलं की तो फक्त मान हलवतो.

वरचे तीन गठ्ठे पाहून परत येणं

त्याच लॉटची दुसरी गोष्ट. माल पाहायला मी स्वतः गेलो होतो, त्यामुळे इथे फोटोवर खापर फोडता येत नाही.

गेटवर मोबाइल जमा, ओळखपत्राची नोंद, सोबत एक जवान. शेडमध्ये गठ्ठ्यांची थप्पी माझ्या डोक्याच्या वर गेलेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. वरचे तीन गठ्ठे हमालांनी खाली ओढले, मी उघडले. कापड जाड, कोरडं, शिवण पक्की. वहीत लिहिलं "माल बरा" आणि परतीची बस पकडली.

माल घरी आल्यावर खालच्या रांगेतला पहिला गठ्ठा सोडला तेव्हा ओल्या गोणपाटाचा आंबूस वास आला. कापडावर काळे ठिपके. मी दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड ताणलं. चांगलं कॅनव्हास अशा वेळी नुसतं कुरकुरतं. हे आवाजसुद्धा न करता भिजलेल्या पापडासारखं सुटलं आणि माझा अंगठा आरपार गेला. फरशीची ओल वर चढली होती. ६० पैकी २२ तंबू असे निघाले. तक्रार कोणाकडे करणार? लॉट "जसा आहे, जिथे आहे" या अटीवर विकलेला, आणि तक्रार चालणार नाही हेही कॅटलॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं. डेपोनं फसवलं नाही. मी वाकून पाहिलं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. कॅटलॉगमध्ये "तंबू" लिहिलं होतं. खांब आणि खुंट्या त्याच लिलावात, चार ओळी खाली, वेगळ्या लॉटमध्ये होत्या. तो लॉट एका भंगारवाल्यानं किलोच्या भावानं उचलला, आणि मग तेच खांब त्यानं मला नगाच्या भावानं विकले. त्याचं हसणं मला अजून दिसतं. धंदा म्हणून त्याचं चुकलं नाहीच.

तेव्हापासून मी पाहणीला दोन माणसांनी जातो. एक वरून बघतो, एक गुडघ्यावर बसून खालून. कॅनव्हास असेल तर खालच्या रांगेत जिथे हात पोचेल तिथे अंगठ्यांनी ताणायचं आणि वास घ्यायचा. भांडी, जेरीकॅन, पेट्या असतील तर खिशात चुंबक: पितळ की मुलामा, ॲल्युमिनियम की पत्रा, ते लगेच कळतं. मोबाइल आत नेऊ देत नाहीत म्हणून वही आणि पेन्सिल. पेन घामानं पसरतं. संपूर्ण कॅटलॉग वाचायचा, फक्त आपला लॉट नाही. कंटाळा येतो? मग जुन्या बाजारात जा, तिथे माल हातात घेऊन घासाघीस करता येते. तो काही कमीपणा नाही.

आणि लक्षात घ्या, लॉटमधलं चांगलं तेवढं उचलून बाकी तिथेच सोडता येत नाही. कुजलेलंही तुमचंच. तेही मुदतीत न्यायचं, नाहीतर दिवसागणिक जागाभाडं.

नग की लॉट की किलो

बोलीचा भाव कशावर आहे ते लॉटच्या पुढे लिहिलेलं असतं. प्रति नग असताना पूर्ण लॉटचा आकडा टाकणारे मी पाहिलेत. एक शून्य जास्त टाकणारेही पाहिलेत. एकदा टाकलेली बोली मागे घेता येत नाही. मी आकडा आधी कागदावर अक्षरी लिहितो, दुसरा माणूस तो मोठ्यानं वाचतो, मग कळ दाबतो. तरुण पत्तीदार हसतात. हसू देत.

शेवटच्या सेकंदाला बोली टाकून बाजी मारण्याची हुशारीही सोडा. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पुढे सरकते. ठरलेल्या मर्यादेवर थांबा. समोरचा भंगारवाला तुमच्यापेक्षा जास्त वेळ जागा राहू शकतो.

एकेका ओळीच्या चुका

सर्वात जास्त बोली तुमची म्हणजे माल तुमचा नव्हे. बरेच लॉट मंजुरीच्या अधीन असतात, तेव्हा पत्र येईपर्यंत ट्रक ठरवू नका. ट्रक ठरवताना त्याचा विमा, पीयूसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स स्वतः डोळ्यांनी बघा. पीयूसी संपलेला आमचा एक ट्रक गेटवरून परत गेला आणि दिवसाची हमाली बुडाली. दुसऱ्या राज्यातून ५० हजारांच्या वरचा माल आणताना ई-वे बिल लागतं. वर्दीचं कापड, बिल्ले यांच्या नादी लागू नका. लष्कराच्या २०२२च्या नव्या नक्षीच्या वर्दीवर तर डिझाइनचा हक्क नोंदवलेला आहे. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या-पुंगळ्या स्फोटकमुक्त असल्याचं प्रमाणपत्र असेल तरच हात लावायचा, यात गंमत नाही.

"काका, जिप्सी?"

हा प्रश्न येणारच. पत्तीत गाडी घेऊ नका. ६० तंबूंची वाटणी होते, एका जिप्सीचे पाच तुकडे होत नाहीत. एकट्यानं घ्यायची तरी आधी कागद पाहा. लष्करी गाडीची आरटीओत नोंदणी करायला संबंधित लष्करी अधिकाऱ्यांकडचा फॉर्म २१ मधला मूळ विक्री दाखला लागतो. तो नसेल तर तुम्ही चार चाकांचं भंगार घेतलंय. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडेच जायच्या. संरक्षणाच्या कामातल्या चिलखती आणि खास वाहनांना सूट आहे, पण ती तुमच्या जिप्सीच्या स्वप्नासाठी दिलेली नाही. म्हणून लॉट कोणाला खुला आहे ती ओळ सगळ्यात आधी वाचा. आणि रंग. ऑलिव्ह ग्रीन रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे. ज्या रंगासाठी गाडी घेता, तोच पहिला खरवडावा लागतो.

वाटणी

आमच्या त्या लॉटमध्ये खरं भांडण वाटणीतच झालं. मंडपवाल्याला मोठी कापडं हवी, ट्रेकिंगवाल्यांना आतली पातळ, गुरुजींना पूर्ण तंबू, शेतकऱ्याला काहीही चालेल पण फाटकं स्वस्तात. पैसे सारखे, गरजा वेगळ्या, आणि २२ कुजके कोणाच्या गळ्यात? अंगणात रात्री साडेदहापर्यंत आवाज चढले. गुरुजींनी तोडगा काढला, तो मी आजतागायत पाळतो. आधी मालाचे तीन भाग करायचे: उत्तम, दुरुस्तीचा, बाद. मग तिन्ही भागांतलं थोडं थोडं घालून जितक्या पत्त्या तितके ढीग. चिठ्ठ्या टाकून उचलायचे, पण ढीग लावणाऱ्याचं नाव चिठ्ठीत नाही. त्यानं शेवटी उरेल तो घ्यायचा. नंतर अदलाबदल करायची तर आपापसात करा, सगळ्यांसमोर नको.

ढीग लावणारा मग काय काळजीनं लावतो म्हणून सांगू. मागच्या खेपेला मीच लावले होते. उरलेला ढीग घरी नेऊन मोजला, सात खुंट्या कमी निघाल्या.