अर्धं दुरुस्त झालेलं विमान घ्यायला निघण्याआधी

हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या पुष्पकसारखं कापडी पंखांचं छोटं जुनं विमान कुणीतरी दुरुस्तीला काढलं, मध्येच थांबला आणि आता तो ते विकतोय, असं कळलं की आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या कारागिराचे हात शिवशिवतात. लेथवर आणि फाउंड्रीत आयुष्य गेलेल्या माणसाला वाटतं, एवढं झालंय तर उरलेलं आपण करू की. पण झालेल्या कामाकडे बघून सौदा करू नका. उरलेलं काम किती आणि त्यातलं आपल्याला कायद्यानं करता येईल असं किती, एवढ्यावरच ठरवा.

गाडीत बसण्याआधी घरातच ठरवायचं की विमान उडवायचं आहे की नुसतं उभं करून दाखवायचं आहे. एखाद्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या आवारात नीट उभं केलेलं पुष्पक हेही मोलाचं काम आहे, आणि तसं असेल तर पुढची निम्मी काळजी गळून पडते. उडवायचं असेल तर विकणाऱ्याकडून आधी फोटो मागवा: सांगाड्यावरची क्रमांकाची पट्टी, व्हीटी या भारतीय विमानांच्या अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी, सांगाडा, इंजिन आणि प्रोपेलर यांची लॉगबुकं, म्हणजे कामाच्या नोंदवह्या. इंजिनवरचा क्रमांक लॉगबुकातल्या क्रमांकाशी जुळतो का ते बघा. नोंदणी आजही कुणाच्या नावावर आहे ते विचारा; मूळ मालक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. कागदांना लागणारा वेळ हलका धरू नका. वैमानिक अमोल यादवांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, पण उडवायची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं. तुमचं विमान नवं नसून जुनं आहे, मार्ग वेगळा आहे, तरी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, दारात धीर लागतोच.

मग एकच प्रश्न सरळ विचारा: काम का थांबलं? पैसे संपले, आजारपण आलं, मुलगा परदेशी गेला, ही कारणं समजण्यासारखी आहेत. पण पंखाचा लाकडी स्पार, म्हणजे पंखाला आतून पेलणारी मुख्य तुळई, उघडल्यावर काही दिसलं म्हणून थांबलं असेल, तर तेच तुमच्या गळ्यात येणार आहे.

सोबत टॉर्च, छोटा आरसा, दाभण, मोबाईलला जोडायचा बोरस्कोप (आत घालून बघायचा बारीक कॅमेरा) आणि वही घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे परवानाधारक विमान देखभाल इंजिनिअर घ्या. त्याची एका दिवसाची फी हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त खर्च. शेपटाकडच्या सर्वांत खालच्या पोलादी नळ्या आधी बघा, कारण पाणी तिथे साठतं आणि गंज आतून खातो. मालकाला विचारून दाभणानं दाबून बघा. स्पारवर आधारदांड्या जिथे जोडतात तिथे रेषांना आडवी जाणारी केसाएवढी चीर आणि खिळ्यांभोवतीचे काळे डाग शोधा. खानापूरकडच्या पावसात पत्र्याच्या शेडमध्ये काही वर्षं काढलेलं लाकूड असेल तर डोळ्यांत तेल घालून बघा.

नवं कापड आणि चकचकीत रंग बघून भुलू नका. कापड चढवण्याआधीचे आतले फोटो आणि इंजिनिअरची सही नसेल, तर ते कापड फाडूनच आत बघावं लागणार, असं धरून चाला. मला तर उघडा सांगाडा जास्त आवडतो. तो काही लपवत नाही.

पुष्पकचं इंजिन कॉन्टिनेन्टलचं, ९० अश्वशक्तीचं. अशा इंजिनाला १,८०० तास किंवा १२ वर्षं झाली की पूर्ण ओव्हरहॉल करावा, असं कंपनी सांगते. त्यामुळे ‘फक्त दोनशे तास चाललंय’ यावर हुरळू नका. संरक्षक तेल न भरता ठेवलं असेल तर सिलिंडर आणि कॅमशाफ्ट गंजलेले असू शकतात. प्लग काढून बोरस्कोप घालण्याआधी प्रोपेलर फिरवू नका, आणि मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा भाग, कायम चालू आहे असंच समजा.

आता आपल्या अभिमानाचा भाग. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बुश, पिन, ब्रॅकेट मायक्रॉनमध्ये करून देणारे हात आहेत, आणि हत्तरगीच्या एसईझेडमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, तर विमानांचेच भाग बनतात. पण उडणाऱ्या विमानावर बसणाऱ्या भागाला धातू कुठून आला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला याचा कागद लागतो. म्हणून हरवलेल्या भागांची यादी करताना प्रत्येकापुढे लिहा: मंजुरीसह विकत मिळेल, मंजूर नकाशावरून आणि तपासणीसह इथे करून घेता येईल, की दोन्ही नाही. तिसऱ्या प्रकारात स्पार किंवा इंजिनाचा मोठा भाग आला तर परत फिरा.

जागेचा हिशेब सोपा आहे. पंखविस्तार सुमारे ११ मीटर, म्हणजे सुटा पंख पाच मीटरच्या आसपास. ट्रक आणि कोरडी शेड त्या मापाची हवी. बेळगावच्या सांबरा विमानतळावर कधी जागा मिळेल या आशेवर राहू नका, लेखी उत्तर मिळवा.

किंमत ठरवताना विकणाऱ्याच्या मेहनतीचा आदर करा, पण तिचे पैसे धरू नका. ओव्हरहॉल, कापड, डोप (कापड ताणून धरणारा लेप), उपकरणं, वाहतूक आणि भाडं मिळवा. बेरीज उडत्या स्थितीतल्या तशाच विमानापेक्षा जास्त आली तर ते उडतं विमान शोधा. जमत असेल तर विसार देण्याआधी प्रत्येक भाग फोटो आणि क्रमांकासह करारपत्रात लिहून घ्या, आणि मूळ लॉगबुकं हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.