पॉइंट ब्रेकचा अंदाज वाचताना या चुका टाळा

लाटांच्या अंदाजाचं ॲप उघडायचं, ‘२ मीटर’ वाचायचं आणि सर्फिंगचा बोर्ड गाडीवर बांधायचा. सरळ, उघड्या किनाऱ्यावर ही पद्धत कधीमधी खपून जाते. पॉइंट ब्रेकवर खपत नाही. तिथे लाट भूशिराला वळसा घालून आत येते, आणि तिला वळता येईल की नाही हे दिशा आणि पिरियड (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) ठरवतात, उंची नव्हे. अंदाजातला उंचीचा आकडा खुल्या समुद्रातला असतो, तोही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. तुमच्या खडकापाशी काय पोचेल याबद्दल तो गप्प असतो. तरी तक्रार ठरलेली: “दोन मीटर दाखवत होतं, मग लाटा गेल्या कुठे?”

उंचीचा आकडा आधी वाचणं

सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

समजा किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे. दक्षिण टोकाला भूशिर आहे आणि लाट त्याला वळसा घालून उत्तरेकडे उलगडत जाते. म्हणजे ही डावी लाट. (डावी-उजवी ठरते ती किनाऱ्याकडे तोंड करून येणाऱ्या सर्फरच्या बाजूने, वाळूत उभ्या प्रेक्षकाच्या बाजूने नाही. यावरचे वाद आता पुरेत.) आता तीन दिवसांचे अंदाज बघा. पहिला दिवस: २ मीटर, ७ सेकंद, वायव्येकडून. दुसरा: २ मीटर, ९ सेकंद, दक्षिण-नैर्ऋत्येकडून. तिसरा: १.२ मीटर, १६ सेकंद, नैर्ऋत्येकडून.

गर्दी होते पहिल्या दोन दिवशी. पहिल्या दिवशी स्वेल (खुल्या समुद्रातून येणाऱ्या लाटांची रांग) भूशिराच्या आतल्या बाजूवर सरळ येऊन आदळतो. लाट टोकापासून उलगडत नाही, दीडशे मीटरची भिंत एकदम कोसळते. टेक-ऑफ (लाट पकडून बोर्डवर उभं राहणं) मिळतो, पुढे जायला जागाच नाही. दुसऱ्या दिवशी तर त्याहून गंमत. स्वेल भूशिराला समांतर येतो आणि बाहेरच्या बाहेर निघून जातो, आत गुडघाभर पाणी हलतं. दोन्ही दिवस हात हलवत परतलेली मंडळी तिसऱ्या दिवशी ‘१.२’ बघून घरी झोपतात, आणि त्याच दिवशी पॉइंट टोकापासून आतपर्यंत चालतो.

कारण साधं आहे. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर पिरियडचा वर्ग करून १.५६ ने गुणायचं. ७ सेकंदांची लाट सुमारे ७६ मीटर लांब, ९ सेकंदांची १२६, आणि १६ सेकंदांची ४००. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्मी झाली की लाटेला तळ लागायला सुरुवात होते. म्हणजे ७ सेकंदांच्या लाटेला तळ लागतो ३८ मीटरवर, १६ सेकंदांच्या लाटेला २०० मीटरवर. तळ लागला की उथळाकडची बाजू मंदावते आणि लाट त्या बाजूला वळते. लांब पिरियडच्या लाटेला वळायला लांबून सुरुवात करता येते. छोटीला तळ लागेपर्यंत भूशिर मागे पडलेलं असतं.

ताकदीचा आकडा दाखवणारी ॲपही इथे फसवतात. ताकद ढोबळमानाने उंचीचा वर्ग गुणिले पिरियड. या हिशोबाने तीन दिवसांचे आकडे २८, ३६ आणि २३. चालला तो दिवस तिन्हींत सगळ्यात खाली आहे. ताकद कितीही असो, ती भूशिरामागे पोचली पाहिजे.

म्हणून क्रम असा ठेवा: दिशा, पिरियड, वारा, भरती, आणि उंची सगळ्यात शेवटी. उंचीच्या रकान्यावर अंगठा ठेवून वाचलं तरी चालेल, पोरकट वाटलं तरी उपयोगी आहे. दुसरं काम एकदाच करायचं आहे. नकाशावर टेक-ऑफच्या खडकापासून खुल्या समुद्राकडे रेघा ओढा. बेट, दुसरं भूशिर, उथळ पट्टा, जे जे आडवं येतं ते खोडा. उरलेला कोन अंशांमध्ये लिहून ठेवा, आणि जसजसे चांगले-वाईट दिवस बघाल तसा तो दुरुस्त करत जा. प्रत्येक पॉइंटचा हा कोन वेगळा. कॅलिफोर्नियाच्या एकाच किनारपट्टीवर मालिबू उन्हाळ्यातल्या दक्षिणेच्या स्वेलवर चालतो आणि रिंकन हिवाळ्यातल्या पश्चिमेच्या. पेरूमधल्या चिकामाला स्वेलला इतका वळावं लागतं, की बाहेर मोठा स्वेल असल्याशिवाय तिथे काम होत नाही. “दोन मीटर म्हणजे चांगलं” हे वाक्य यांतल्या कुठल्याही पॉइंटला लागू नाही.

बेरजेची उंची

बऱ्याच ॲपमध्ये वरचा ठळक आकडा एकत्रित उंचीचा असतो. १.२ मीटर, ६ सेकंदांची स्थानिक वाऱ्याची खळबळ आणि ०.९ मीटर, १५ सेकंदांचा स्वेल मिळून ‘१.५ मीटर’ दिसतं, कारण उंच्या सरळ मिळवत नाहीत. दोघींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढतात. पॉइंटच्या आत येणार ते ०.९. खालचे सुटे रकाने उघडायला दोन सेकंद लागतात, तरी ते न उघडणारेच जास्त.

बाणाची दिशा

वारा आणि स्वेल जिकडून येतात त्या दिशेने ओळखले जातात. प्रवाह जिकडे जातो त्या दिशेने. बाण मात्र काही ॲप येण्याचा दाखवतात, काही जाण्याचा. बाण बघू नका, अंश वाचा.

स्वेल ‘सोमवारी येणार’ म्हणजे सोमवारी सकाळी सातला नव्हे

लांब पिरियडच्या लाटा जोरात धावतात. समूहाचा वेग नॉटमध्ये हवा असेल तर पिरियडला दीडने गुणा. २० सेकंदांचा स्वेल ३० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ५६ किलोमीटरने येतो. १४ सेकंदांचा २१ नॉटने. १० सेकंदांचा १५ नॉटने. वादळ ३,००० किलोमीटर लांब असेल तर २० सेकंदांच्या लाटा साधारण ५३ तासांत पोचतात, १४ सेकंदांच्या ७६ तासांत आणि १० सेकंदांच्या १०७ तासांत. एकाच वादळाचा माल दोन दिवसांहून अधिक काळ उतरत राहतो.

त्यामुळे सुरुवातीला अंदाजात ‘०.४ मीटर, २० सेकंद’ असं काहीतरी दिसतं आणि लोक हसून सोडून देतात. हे हसण्यासारखं नाही. लांब पिरियडची लाट उथळात शिरताना खूप उंचावते, आणि पॉइंटच्या टोकावर अधूनमधून अचानक मोठा सेट (लागोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटांचा गट) उभा राहू शकतो. जवळच्या बोयावर (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रावर) पिरियड एकदम ९ वरून १८-२० वर उडाला की स्वेल आला असं समजा, उंची हललेली नसली तरी. फक्त तो बोया शिखर पिरियड (सगळ्यात जास्त ऊर्जा असलेल्या लाटांचा) सांगतोय की सरासरी, हे बघा. सरासरी पिरियड नेहमी कमी असतो, आणि दोन संकेतस्थळांची तुलना करताना घोळ इथेच होतो.

वाऱ्याचा आकडा जसाच्या तसा घेणं

हवामानाच्या जागतिक मॉडेलची जाळी बहुतेक ठिकाणी पाव अंशाची मिळते, म्हणजे जवळजवळ २८ किलोमीटरचा चौकोन. त्या चौकोनात तुमचं भूशिर अस्तित्वातच नाही. अर्धा डोंगर, अर्धा समुद्र यांची सरासरी तुम्हाला वारा म्हणून वाचायला मिळते.

पॉइंटवर किनारा वाकलेला असल्यामुळे एकच वारा टोकाला आडवा, मध्ये जमिनीकडून आणि आत जवळजवळ शांत असू शकतो. वरच्या उदाहरणातल्या पॉइंटला आग्नेयेचा वारा सरळ जमिनीकडून येतो, आणि दक्षिणेचा वारा भूशिर अडवतं. शेजारच्या उघड्या किनाऱ्यावर पाणी विस्कटलेलं असताना इथे लाट गुळगुळीत राहते. दक्षिण आफ्रिकेतल्या जेफ्रीज बेला नैर्ऋत्येचा स्वेल आणि नैर्ऋत्येचा वारा एकत्र चालतात, ते याच वाकण्यामुळे. म्हणून ‘वारा खराब’ असा लाल रंग बघून दिवस रद्द करण्याआधी नकाशावर पॉइंटचं खरं तोंड कुठे आहे ते बघा.

पहाटे मतलई वारे, ऊन तापल्यावर खारे वारे, हे शाळेतलं ज्ञान इथे ॲपपेक्षा जास्त कामाला येतं. ओढ्याच्या किंवा नदीच्या मुखाशी असलेल्या पॉइंटवर दरीतून येणारा पहाटेचा वारा अंदाजापेक्षा जोरकस असतो. जमिनीकडचा वारा जितका जास्त तितका चांगला, असंही नाही. २० नॉटच्या पुढे तो तुम्हाला लाटेच्या कडेवर धरून ठेवतो, तुषार डोळ्यांत जातात आणि टेक-ऑफ उशिरा होतो.

पाच मिनिटं बघून उडी मारणं

ही दुसरी लाडकी चूक. कितीही सांगा, फरक पडत नाही.

प्रसंग ठरलेला असतो. १६ सेकंदांचा स्वेल चालू आहे, दोन सेटमध्ये पाव तासाची शांतता. नवा सर्फर नेमका त्या शांततेत पोचतो. पाणी सपाट, गुडघ्याएवढ्या दोन लाटा येऊन जातात. “आज काही नाही” म्हणत तो टोकाच्या खडकावर चालत जातो आणि सगळ्यात खालच्या, ओल्या पायरीवर उभा राहून लीश (बोर्ड पायाला जोडणारी दोरी) बांधतो. सेटची पहिली लाट पायरीवर कमरेएवढं पाणी चढवते, दुसरी त्याला उचलून नेते. पुढच्या तीन लाटा १६-१६ सेकंदांनी येतात, म्हणजे जवळजवळ मिनिटभर तो खडक आणि फेस यांच्या मध्ये. एवढं होऊनही तो सरळ टेक-ऑफच्या जागेकडे पॅडल करायला (हातांनी वल्हवायला) लागतो. मोठ्या स्वेलमध्ये पॉइंटच्या कडेने पाणी आतल्या बाजूला वाहत असतं. वीस मिनिटांनी तो निघाला होता त्याच्याही खाली असतो आणि खांद्यात त्राण नसतं. मग सुचते ती सगळ्यात वाईट कल्पना: मधल्या खडकांवरूनच बाहेर निघायचं. बोर्ड तुटतात ते इथे. बोटंही.

बघायला किमान अर्धा तास द्या. पिरियड १४ च्या वर असेल तर पाऊण. एवढा धीर नसेल तर सरळ वाळूचा किनारा गाठा, तिथे इजा कमी होते. बसून काय बघायचं? सेटमध्ये किती लाटा, दोन सेटमध्ये किती मिनिटं, आणि सगळ्यात मोठ्या लाटेचं पाणी कुठल्या खडकापर्यंत चढतं. त्या ओल्या रेषेच्या वर उभं राहूनच लीश बांधायची. पिरियड स्वतः मोजा: सेटमधल्या पहिल्या लाटेपासून पाचवीपर्यंतचा वेळ भागिले चार. पाच लाटांमध्ये अंतरं चारच असतात, पाचाने भागणारे दरवेळी भेटतात. मोजलेला आकडा अंदाजाशी जुळला नाही, तर मोजलेला खरा.

प्रवाह मोजायला फेसाचा एक पट्टा किंवा बसलेला सर्फर एखाद्या खडकाच्या तुलनेत मिनिटभर बघा. मिनिटाला ५०-६० मीटर सरकत असेल तर तो वेग ताशी ३ ते ३.६ किलोमीटर झाला. एवढं पॅडल थोडा वेळ जमतं, तासभर नाही. अशा दिवशी लाट संपली की आतल्या वाळूपर्यंत वाहत जा, बाहेर या आणि चालत टोकाला परत जा. ऑस्ट्रेलियातल्या स्नॅपर रॉक्सला मुरलेले सर्फरही हेच करतात. यात कमीपणा कसला?

उडी सेटच्या शेवटच्या लाटेमागे, पाणी खडकावर चढलेलं असताना मारायची. पाणी उतरत असताना नाही. बोर्ड पुढे टाकून त्यावर सपाट पडायचं, पायाने तळ शोधायचा नाही.

भरतीची फक्त वेळ बघणं

फरक किती मीटरचा आहे तेही बघा. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी बाराव्या हिश्श्यांत १, २, ३, ३, २, १ असं सरकतं. फरक ३ मीटरचा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात दर तासाला ७५ सेंटीमीटर. उधाणाच्या दिवशी आत शिरताना दिसलेला खडकाचा रस्ता दोन तासांनी पाण्याखाली असतो, म्हणून बाहेर पडायची जागा आधी ठरवा. भांगाच्या (भरती-ओहोटीत सगळ्यात कमी फरक असलेल्या) दिवशी एवढी घाई नसते.

बाकीचं थोडक्यात

ॲपमधले तारे आणि रंग यांच्यावर जाऊ नका. ते बहुतेकदा सरळ किनारा धरून काढलेले असतात.

अंदाजाची वेळ स्थानिक आहे की जागतिक, ते तपासा. फूट आणि मीटरही.

सात दिवसांपुढचा अंदाज रजा टाकण्यासाठी वापरू नका. जागतिक मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालतं. सलग तीन-चार फेऱ्यांत दिशा आणि पिरियड टिकले तरच विश्वास ठेवा.

वाळूच्या पॉइंटवर मागच्या वर्षीच्या नोंदी तशाच लावू नका. वाळू सरकते. स्नॅपर रॉक्सपासून किरा किनाऱ्याकडे पसरलेला वाळूचा पट्टा २००१ पासून ट्वीड नदीच्या मुखावरून वाळू पंपाने पलीकडे नेल्यामुळे तयार झाला; त्याआधीच्या नोंदी तिथे निरुपयोगी ठरल्या.

गर्दीचाही अंदाज काढा. सेटमध्ये ४ लाटा, दर १२ मिनिटांनी एक सेट, म्हणजे तासाला २० लाटा. पाण्यात ४० जण असतील तर तुमच्या वाट्याला दोन तासांत एक, तीही टोकाशी जवळ बसलेल्याचा हक्क पाळला तर. मधूनच घुसून हा हिशोब सुधारत नाही.

गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेरच.

मोठ्या पावसानंतर नदी-ओढ्याच्या मुखाशी असलेला पॉइंट ७२ तास सोडून द्या, स्वेल कितीही सुंदर असला तरी. सांडपाणी आणि रोगजंतू त्याच मुखातून येतात, आणि तपकिरी पाण्यात तरंगणारा ओंडका बोर्डाच्या नाकावर आपटेपर्यंत दिसत नाही.