न्यू जर्सीतला पहिला उन्हाळा : डास, गोचीड आणि ‘नैसर्गिक उपाय’

मे महिना लागला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो. पुण्याहून किंवा ठाण्याहून नुकतंच कोणीतरी एडिसनला राहायला आलेलं असतं, घरात लहान मूल असतं. ‘इथे डास फार चावतात, काही नैसर्गिक उपाय आहे का?’ मग भराभर उत्तरं येतात. कडुलिंबाचं तेल, कापूर, गवती चहाची कुंडी, लिंबात खोचलेल्या लवंगा. गोचिडाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितेय. आम्ही आलो तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं.

सुरुवात गोचिडापासूनच करते, कारण डासांची आपल्याला सवय आहे आणि गोचिडाची नाही. आपल्याकडे गोचीड म्हणजे गाईम्हशींचा आणि कुत्र्यांचा त्रास. इथे तो माणसाला चिकटतो आणि त्याच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. कनेटिकटमधल्या लाइम गावात १९७५ च्या सुमारास मुलांचे सांधे सुजायला लागले, तिथून हे नाव पडलं. ज्या राज्यांत हा आजार सर्वांत जास्त आढळतो, त्यांत आपलं न्यू जर्सी आहे. तेव्हा ही कुठल्या लांबच्या जंगलातली गोष्ट समजू नका. घरामागचं गवत, मुलांच्या शाळेमागची झाडी, मंडळाची पिकनिक होते ती बाग, सगळीकडे तो असतो.

धोका जास्त असतो तो मे ते जुलै, आणि तोही मोठ्या गोचिडापेक्षा त्याच्या पिल्लाचा. हे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. चावलेलं कळत नाही, खाज येत नाही, दुखत नाही. ते उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून अंगावर पडतही नाही. गवताच्या पात्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसतं आणि आपला पाय घासला की चढतं. मग मऊ जागा शोधत वर सरकतं : गुडघ्यामागे, कमरेच्या इलॅस्टिकखाली, बेंबीत, काखेत, कानामागे, केसांत.

आमच्या ओळखीतल्या एका तरुणाचं सांगते. रविवारच्या क्रिकेटमध्ये चेंडू झुडपात गेला, हा अर्ध्या पँटमध्ये आत शिरून घेऊन आला. आठवड्याभराने गुडघ्यामागे लालसर चट्टा. गजकर्ण असेल म्हणून भारतातून आणलेलं मलम लावलं. बारीक ताप आला, व्हायरल म्हणून क्रोसिन घेतली. चट्टा गेला, ताप गेला, विषय संपला. ऑगस्टच्या अखेरीला गुडघा एवढा सुजला की अपार्टमेंटचा जिना उतरता येईना. मग रक्ततपासण्या, गुडघ्यातलं पाणी काढणं, महिनाभर अँटिबायोटिक. विम्याचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, मोठं होतं, त्यामुळे बहुतेक बिल खिशातून गेलं. सुरुवातीला गेला असता तर गोळ्यांच्या एका कोर्सवर भागलं असतं.

हे मी भेटेल त्याला सांगते आणि इथेही ठासून सांगते : उन्हाळ्यात अंगावर पसरत जाणारा चट्टा उठला, किंवा सर्दी-खोकला नसताना ताप आणि अंगदुखी आली, तर घरातलं मलम लावत बसू नका. डॉक्टरकडे जा आणि ‘टिक (म्हणजे गोचीड) चावला असण्याची शक्यता आहे’ हे आपणहून सांगा. चट्टा चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत कधीही उठू शकतो. पुस्तकांत दाखवतात तशी लाल वर्तुळं गोऱ्या कातडीवर उठून दिसतात. आपल्या सावळ्या रंगावर तो कधी नुसता काळपट-निळसर, मुका मार लागल्यासारखा दिसतो. कित्येकांना चट्टा उठतच नाही. त्यामुळे ‘फोटोसारखं दिसत नाही’ म्हणून निश्चिंत राहू नका.

चिकटलेला गोचीड सापडला तर घाबरायचं कारण नाही. लाइमचे जंतू अंगात जायला त्याला साधारण एक दिवसाहून अधिक वेळ चिकटून राहावं लागतं. म्हणूनच रोज अंग तपासणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नैसर्गिक उपाय आहे. बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवून गोचीड धरा आणि सरळ वर, एकसारखा जोर लावून, हिसका न देता, न पिरगळता ओढा. जागा साबणाने धुवा. रॉकेल, तेल, व्हॅसलिन, उदबत्तीचा चटका हे गावाकडचे प्रयोग इथे करू नका. त्याने तो सुटायची वाट बघण्यात वेळ जातो, आणि तो डिवचला गेला की पोटातलं आपल्या अंगात ओकतो. काढलेला गोचीड चिकटपट्टीवर लावून तारीख लिहून ठेवा. तो बराच वेळ चिकटलेला होता असं वाटलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला फोन करा. अशा वेळी औषधाचा एकच डोस देऊन पुढचं टाळता येतं.

बाहेरून आल्यावर कपड्यांचं एक लक्षात ठेवा, कारण इथे आपली सवय आड येते. आपण आधी धुतो आणि मग वाळवतो. साध्या गार पाण्याच्या धुण्यात गोचीड मरत नाही. झाडीत जाऊन आलेले कपडे कोरडेच ड्रायरमध्ये टाका, सर्वांत जास्त उष्णतेवर दहा मिनिटं. कोरड्या उष्णतेने तो हमखास मरतो. दोन तासांच्या आत अंघोळ करा, आणि मुलांना अंघोळ घालतानाच सगळं अंग बघून घ्या. लांब केसांच्या मुलींच्या टाळूवरून बोटं फिरवा.

दुसऱ्या एका जातीच्या गोचिडाच्या मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. दक्षिण जर्सीत हा गोचीड पुष्कळ आहे. तो चावल्यावर काही लोकांना मटणाची अ‍ॅलर्जी होते, आणि जेवणानंतर काही तासांनी अंगावर पित्त उठतं. काहींना दूधदुभतंही सोसत नाही. खाल्ल्याबरोबर त्रास होत नसल्याने कारण लवकर सापडत नाही.

स्वतःचं घर असेल तर आवारात करण्यासारखं बरंच आहे. झाडांखाली साचलेला पाचोळा काढा, गोचिडाला लागणारा ओलावा तिथेच असतो. लॉन आणि झाडी यांच्यामध्ये तीन फूट रुंदीचा कोरड्या वुड चिप्सचा पट्टा टाका, तो ओलांडायला त्याला जड जातं. झोपाळा आणि वाळूची पेटी झाडीच्या कडेपासून दूर, उन्हात ठेवा. सरपणाची चळत भिंतीला लावून रचू नका, तिथे उंदीर राहतात आणि पिल्लांना लाइमचे जंतू मिळतात ते मुख्यतः या उंदरांकडूनच. मोठे गोचीड हरणांवर वाढतात. आपल्या लोकांना परसात हरीण आलं की फार अप्रूप वाटतं, फळांच्या साली टाकून त्याला रोज यायची सवय लावतात. कृपा करून हे बंद करा.

आता डास. इथे दोन तऱ्हेचे डास आपल्याला भेटतात. संध्याकाळी आणि रात्री चावणारा क्युलेक्स आपल्या चांगल्या ओळखीचा. त्याच्यामुळे पसरणारा वेस्ट नाइल ताप या देशात पहिल्यांदा १९९९ मध्ये शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये सापडला. दुसरा टायगर डास, काळा, अंगावर पांढरे पट्टे. जुन्या टायरांतल्या पाण्यातून हा आशियातून अमेरिकेत आला, आणि न्यू जर्सीत १९९५ मध्ये आढळला. तो भर दिवसा चावतो, पोटऱ्या आणि घोटे सोडत नाही. पण त्याची एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे : तो फार लांब उडत नाही. तुम्हाला चावतोय तो बहुधा तुमच्या किंवा शेजारच्या अंगणातच जन्मलेला असतो.

महाराष्ट्रात आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं, तोच नियम इथे लावा. अंड्यातून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून शनिवारी सकाळी आवारातलं साचलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं. कुंड्यांखालच्या ताटल्या, मुलांच्या खेळण्यातले ट्रक, बार्बेक्यूवरच्या ताडपत्रीच्या घड्या, पक्ष्यांचं पाण्याचं भांडं. आपल्या घरांत आणखी एक जागा ठरलेली असते : मेथी-कारल्याला पाणी घालायला भरून ठेवलेल्या बादल्या आणि पिंप. ते पिंप झाकायचं किंवा त्याच्या तोंडावर बारीक जाळी ताणून बांधायची.

आणि सर्वांत फसवी जागा सांगते. छताच्या पन्हळीतून उतरणाऱ्या पाइपाच्या टोकाला पाणी लांब न्यायला एक काळा, वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप जोडलेला असतो. बाहेरून तो अगदी कोरडा दिसतो. तो काढून पांढऱ्या बादलीवर उभा धरा आणि झटका. प्रत्येक वळीत अडकलेलं चमचा चमचा काळपट पाणी खाली येतं, आणि त्यात शेपटी वर करून लटकणाऱ्या, हात हलवला की वळवळत तळाला जाणाऱ्या अळ्या दिसतात. ज्या घरी ‘आमच्याकडे कुठेही पाणी साचत नाही’ असं सांगतात, तिथे मी हा पाइप उघडायला लावते. तो काढून आतून गुळगुळीत असलेला सरळ पाइप लावा.

जे पाणी ओतून टाकता येत नाही, त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मधे भोक असलेली गोल वडी मिळते. तिच्यात बीटीआय नावाचे मातीतले जिवाणू असतात. ते १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडले. डासाच्या अळीने ते खाल्ले की ती मरते. मासे, पक्षी, कुत्री-मांजरं, माणसं यांना काही होत नाही. एक वडी सुमारे महिनाभर चालते. ‘नैसर्गिक’ म्हणून पैसे खर्च करायचेच असतील, तर यावर करा.

आता वासाच्या उपायांबद्दल. गवती चहा, तुळस, सिट्रोनेलाची कुंडी दारात नुसती ठेवून डास जात नाहीत. पान चुरडल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. चहासाठी जरूर लावा. सिट्रोनेला तेल अंगाला लावलं तर थोडा वेळच टिकतं, मेणबत्तीचा उपयोग त्याहून कमी. मनगटात घालायचे सुगंधी पट्टे तर घेऊच नका. वनस्पतीपासून मिळणाऱ्या गोष्टींत खरं काम करतं ते लेमन युकॅलिप्टसचं शुद्ध केलेलं तेल, बाटलीवर ‘ऑइल ऑफ लेमन युकॅलिप्टस’ असं लिहिलेलं आणि ईपीएचा (इथल्या पर्यावरण खात्याचा) नोंदणी क्रमांक असलेलं. ते काही तास टिकतं. आपलं घरचं निलगिरी तेल म्हणजे हे नव्हे, झाड वेगळं आहे आणि त्यातला गुणही वेगळा. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र ते लावायचं नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला तर काहीच लावू नका, स्ट्रोलरवर मच्छरदाणी घाला.

कापराबद्दल मला मनापासून भीती वाटते. आजी-आजोबा येताना बॅगेत आणतात, खोलीच्या कोपऱ्यात वड्या ठेवतात. लहान मुलाने गिळला तर कापराने झटके येतात. रांगतं मूल असलेल्या घरात तो देव्हाऱ्यातसुद्धा हाताला लागेल असा नको. भारतातून आणलेला कीटकनाशक खडू इथे बेकायदा आहे. कासव छाप बंद घरात लावू नका, धुराचा अलार्म वाजेल हा त्यातला लहान प्रश्न, तो धूर मुलांच्या छातीत जातो हा मोठा.

निळ्या दिव्याचे किडे मारणारे सापळे लोक हौसेने टांगतात. डेलावेअर विद्यापीठाच्या १९९६ च्या अभ्यासात अशा सापळ्यांत मेलेले १३,७८९ किडे मोजले गेले, त्यांत चावणारे फक्त ३१ होते. बाकीचे बिचारे निरुपद्रवी, कित्येक तर उपयोगी. त्यापेक्षा डेकवर एक साधा टेबल फॅन लावा, पायांच्या दिशेने. डास अशक्त उडतो, वाऱ्यात त्याला बसता येत नाही, आणि आपल्या श्वासाच्या ज्या वासावर तो येतो तोही पांगतो. पाहुणे जेवायला असतील तर दोन पंखे लावा.

मोठी घरं घेतलेले आपले काही लोक तीन-तीन आठवड्यांनी फवारणीचं कंत्राट देतात. कंपनीचा माणूस ‘शेवंतीच्या जातीच्या फुलांचा अर्क आहे, नैसर्गिक आहे’ असं सांगतो. नैसर्गिक असला तरी तो मधमाश्या मारतो, मासे मारतो आणि काजवेही मारतो. इथे जूनमध्ये संध्याकाळी लॉनवर काजवे उठतात. भंडारदऱ्याला रांगा लावून जे बघायला जातो ते इथे दाराशी मिळतं, आणि लोक पैसे देऊन ते संपवतात. तो काळा पाइप मात्र तसाच राहतो.

या देशाची एक गोष्ट मला फार आवडते : राज्याच्या सगळ्या २१ काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) डास नियंत्रणाची व्यवस्था आहे, तिच्या मंडळांचा कायदा १९१२ चा. काउंटीच्या या खात्याला फोन केला की माणूस येऊन आवार तपासतो, पैसे लागत नाहीत. शेजारच्या रिकाम्या घराच्या तरणतलावात हिरवं पाणी साचलंय, अपार्टमेंटमागच्या खड्ड्यातलं पाणी हटत नाही, अशा वेळी भांडण करू नका, फोन करा. आपले लोक व्हिसाच्या धास्तीने कुठल्याही सरकारी ऑफिसला फोन करायला कचरतात. इथे तुमचा व्हिसा कोणी विचारत नाही.

थोडक्यात काही गोष्टी. खिडकीची जाळी फाटली तर चिकटवायचे तुकडे मिळतात, त्याच दिवशी लावा. रस्त्याकडेला ठेवलेली फुकट गादी घरात आणू नका, ढेकूण येतात. जुलैत जर्सी शोअरला दलदलीजवळच्या किनाऱ्यांवर हिरव्या डोळ्यांच्या माश्या कडकडून चावतात आणि कुठलंही तेल त्यांच्यापुढे चालत नाही, त्या आठवड्यांत दुसरा किनारा निवडा.

डोंगरात ट्रेकला जाताना मात्र ‘नैसर्गिकच हवं’ हा हट्ट सोडा. मिरीतल्या एका द्रव्यावरून सुचलेलं पिकारिडिन हे कारखान्यात बनतं, पण त्याला वास नाही, चिकटपणा नाही, आणि ते डास व गोचीड दोघांवर चालतं. फिकट रंगाची पूर्ण पँट घाला आणि मोज्यात खोचा. चालताना पायवाटेच्या मधून चाला.

भारतातून आई-बाबा येतात ते नेमके याच दिवसांत. त्यांना संध्याकाळी फिरायला आवडतं, आणि बाबांना वाटेतल्या झुडपातून रानटी ब्लॅकबेरी तोडायचा मोह होतो. त्यांना पहिल्याच दिवशी गोचिडाचा फोटो दाखवा, परतल्यावर पाय आणि कंबर बघायला सांगा. साडी किंवा धोतर असेल तर काठ झटकून घ्या. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये अशा आजाराचं काय, हे ते यायच्या आधी विचारून ठेवा. आणि सप्टेंबर संपला म्हणून चिमटा आत ठेवू नका, मोठे गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा हिंडायला लागतात, नेमके आपण पाचोळा गोळा करत असतो तेव्हा.