एकाच क्लायंटवर घर चालत असेल तर

गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि कुणाकडून किती आले ते मांडा. निम्म्याहून जास्त रक्कम एकाच नावावर दिसली, तरी त्याचं काम लगेच सोडू नका. त्याला दिला जाणारा वेळ मात्र बांधून घ्या. आठवड्यातून दोन दिवस सकाळचा वेळ नव्या कामासाठी राखा. त्या वेळात फोन आलाच, तर ‘दुपारी करतो’ म्हणून सांगा. पहिल्यांदा जड जातं, पण इथूनच सुटका सुरू होते.

दुसरं काम पुण्या-मुंबईतच मिळतं असं नाही. सांगलीत बसून डिझाइन करत असाल तर मार्केट यार्डातले हळद व्यापारी, तासगावचे बेदाणावाले, मिरजेचे दवाखाने, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार हाकेच्या अंतरावर आहेत. नुसतं ‘काम आहे का’ विचारत फिरू नका. एखाद्या हळदीच्या पाकिटावर वजन आणि तारीख बारीक अक्षरांत दडली असेल, तर तेच लेबल नीट मांडा, रंगीत प्रिंट काढा आणि दुकानात घेऊन जा. दर तिथेच सांगा. फुकट नमुना एकदाच.

उद्यम नोंदणी, म्हणजे तुमच्यासारख्या लहान व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार करूनही ४५ दिवसांपुढे लांबवता येत नाही. उशीर झाला तर व्याज मागता येतं. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा, जुन्या क्लायंटच्याही.