जुन्या कॅराव्हॅनमधली शेगडी काढताय? या चुका टाळा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मित्राच्या शेडमध्ये आमची एक अमेरिकन कॅराव्हॅन उभी आहे. 1960च्या दशकातली, मोटारीच्या मागे जोडून ओढायची. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवूडचं इवलंसं घर. मुंबईच्या भंगारातून ती सोलापुरात कशी पोचली ही गोष्ट निराळी. तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं आणि पहिलाच हात घातला तो ओट्यात बसवलेल्या शेगडीला. वर तीन बर्नर, खाली ओव्हन. एका दुपारचं काम म्हणून बसलो आणि तीन रविवार गेले. त्यातले दोन निव्वळ माझ्या चुकांपायी.

टाकी नाही म्हणजे गॅस नाही, असं धरून चालणं

गाडीला टाकी जोडलेली नव्हती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण या गाड्यांत टाकी पुढच्या दांड्यावर असते आणि तिथून तांब्याची नळी गाडीच्या पोटाखालून थेट शेगडीपर्यंत येते. इतक्या लांब नळीत थोडा गॅस अडकून राहू शकतो. एलपीजी हवेपेक्षा जड. तो वर निघून जात नाही, जमिनीलगत आणि ओट्याखालच्या कपाटात साचतो. हवेत साधारण 2 ते 9 टक्के गॅस असला की एक ठिणगी पुरते. म्हणून आधी दार-खिडक्या उघडा, नळीचं टाकीकडचं तोंड मोकळं आहे ना ते पाहा, आणि शेगडी बाहेर पडेपर्यंत आत ग्राइंडर फिरवू नका. गळती साबणाच्या फेसानं तपासायची. काडी ओढून बघणारे महाभाग आपल्याकडे अजून आहेत, म्हणून लिहिलं.

ओढून पाहणं

दिसणारे चार स्क्रू काढले आणि शेगडी धरून ओढली. हलली नाही. आणखी जोर लावला तर ओट्याच्या प्लायवूडला चीर गेली.

या गाड्या आतून बाहेर बांधलेल्या असतात. आधी तळ, मग आतली कपाटं आणि ओटा, आणि सगळ्यात शेवटी बाहेरचा पत्रा. कपाटांचे बरेचसे स्क्रू बाहेरच्या बाजूनं मारलेले असतात आणि त्यांच्यावर पत्रा बसतो, त्यामुळे ओटाच उचकटायला जाल तर आधी पत्रा सोलावा लागेल. शेगडीचं तसं नाही. ती ओटा झाल्यावर समोरून आत सरकवतात, म्हणून समोरूनच निघते. फक्त तिचे स्क्रू शोधावे लागतात. माझ्या शेगडीचे दोन बर्नरखालच्या ताटलीखाली होते, दोन ओव्हनच्या दाराआड चौकटीत, आणि एक खालचा ट्रे काढल्यावर बाजूला दिसला. पन्नास-साठ वर्षांच्या तेलकट काजळीनं त्यांच्या खाचा भरून गेल्या होत्या. खाच टोकदार सुईनं आधी कोरून घ्या, मगच स्क्रू-ड्रायव्हर लावा. ओव्हनचं दार, जाळ्या, बर्नर आधी सुटे केले की वजनही बरंच उतरतं.

प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. मी काढले नाहीत, आणि आता एक पट्टी उरली आहे जी कुठली ते कळत नाही.

हाताला येईल तो पाना लावणं

इथं माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. शेगडीच्या मागे गॅसच्या नळीला पितळी नट होता. अमेरिकन गाडी म्हणजे इंची मापं, इतकं डोक्यात होतं. आमचे काका जुन्या मिलमध्ये फिटर होते. त्यांची इंची पान्यांची पेटी अजून माळ्यावर आहे, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. मी ती उतरवली. पेटीतला 7/16चा पाना नटावर गेला, जरा ढिला होता, पण गेला. जोर लावला आणि नटाचे कोपरे गोल झाले.

संध्याकाळी काकांनी पाना हातात घेऊन बघितला. "काय करायलास बे? हा डब्ल्यूचा पाना आहे!"

डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं 1841 साली आट्यांची ही मापं ठरवली. मिलमधली विलायती यंत्रं याच मापाची. गोम अशी की व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे. अमेरिकन पान्यावर मात्र तोंडाचंच माप लिहितात. माझ्या नटाचं माप पाऊण इंच, म्हणजे 19.05 मिमी, आणि 7/16 डब्ल्यूचं तोंड साधारण 20.8 मिमी. पितळ मऊ, ते कशाला दाद देतंय? गंमत म्हणजे कुठल्याही दुकानात मिळणारा 19 मिमीचा साधा पाना पाऊण इंचावर छान बसतो. 8 मिमीचा 5/16वर बसतो. पण 22 मिमीचा 7/8वर जात नाही आणि 13चा अर्ध्या इंचावर ढिला पडतो. नट आधी कॅलिपरनं मोजा.

पाने दोन घ्या. एकानं शेगडीकडचा तुकडा धरून ठेवायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं पिळलं की नटाबरोबर नळीही फिरते आणि जुनं तांबं पिळवटून फाटतं. माझी फाटली. ब्लो-लॅम्पनं नट तापवायचा विचार मनात आला तर तो तिथंच सोडा.

नळी दुरुस्त केली फ्रिज-एसीवाल्या मिस्त्रीनं. गॅसवाले नाही म्हणाले होते. पण हा जोड म्हणजे एसीच्या नळीचाच फ्लेअर जोड, त्यामुळे नळीचं तोंड फुलवायचं हत्यार मिस्त्रीकडे होतंच. नळी कापली, आतली धार घासली, तोंड फुलवलं, आणि मग लक्षात आलं की नट आधी ओवायचा राहिला. पुन्हा कापली. मिस्त्रीही हसले. त्यांनी एक गोष्ट बजावली, फ्लेअरवर पांढरी टेप गुंडाळायची नाही. हा जोड धातूवर धातू दाबून बसतो, टेपनं तो उलट नीट बसत नाही.

मागचा राखाडी पुठ्ठा खरवडणं

शेगडी बाहेर आली की मागच्या लाकडावर राखाडी, पुठ्ठ्यासारखा पत्रा दिसेल. त्या काळात उष्णतेपासून लाकूड वाचवायला ॲस्बेस्टॉस लावत. आपल्याकडे ॲस्बेस्टॉस मिसळलेले सिमेंटचे पत्रे घरोघरी, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. रुमाल बांधून भागत नाही. खात्री नसेल तर तो ॲस्बेस्टॉसच समजा. घासू नका, ड्रिल मारू नका, झाडूही फिरवू नका. मी साबणाचं पाणी फवारून तो ओला केला, वर जाड प्लास्टिक चिकटवलं आणि काम थांबवलं. तो काढायचा तर माहीतगार माणसाकडूनच.

उतरवल्यावरची घाई

शेगडी फरशीवर थेट ठेवू नका. खाली जुनी चादर दुपदरी घाला, सोलापुरात त्याला काही तोटा नाही. वरचं पांढरं इनॅमल म्हणजे सुमारे 800 अंशाला भाजलेली काच. टवका उडाला की घरी रंग लावून ते परत येत नाही.

नळीचं उघडं तोंड त्याच दिवशी पितळी टोपीनं बंद करा. कापडाचा बोळा कोंबणं म्हणजे बंद करणं नव्हे.

आणि तीच शेगडी परत बसवणार असाल तर तिचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं, अमेरिकन गॅससाठी आहेत. तिकडे मुख्यतः प्रोपेन, आपल्या टाकीत ब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेलं. ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी आली तर जेट बदलावे लागतील. हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर तर तिला कधीच लावू नका. माझ्या शेगडीचे जेट अजून मिळायचेत. तोवर ती काकांच्या ओसरीत चादरीवर पडून आहे आणि त्या ओव्हनमध्ये काकू कांदे ठेवतात.